औषधांची पिशवी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या थोरल्या भावाची औषधांची पिशवी मी त्याच्या साताऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर उपडी केली. दादा तेव्हा रुग्णालयात होता. एका लग्नाहून परतल्यावर त्याला जुलाब सुरू झाले. दोन दिवस त्याने ताकभातावर काढले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात चक्कर येऊन तो पडला. हाड मोडलं नाही. पण रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन 3.8 निघालं. चार महिन्यांपूर्वी ते 1.1 होतं. पोटॅशियम 6.2 होतं. म्हणजे मूत्रपिंडांनी काम जवळजवळ टाकलं होतं आणि हृदयाचा ठेका बिघडावा इतकं पोटॅशियम रक्तात साचलं होतं.

“तुम्हीच बघा, ताई. मला तर आता यातलं काही कळेनासं झालंय,” असं म्हणून वहिनींनी साड्यांच्या दुकानातली ती कापडी पिशवी माझ्या हाती दिली.

पिशवीतून पाच पाकिटं निघाली. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी रक्तदाबाची तीन औषधं एकत्र असलेली गोळी. दुसऱ्याच नावाची आणखी एक गोळी, पण आत पुन्हा टेल्मिसार्टनच. पायांवरच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, दिवसातून दोनदा. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठी सुटी वाचली तर तिच्यात फार मोठी चूक दाखवता आली नसती.

मी एकतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. या पाकिटांतल्या तीन औषधांचा परस्परसंबंध हा तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न होता. आणि दादा पडण्याच्या तीन आठवडे आधी त्याने मला फोनवर सांगितलं होतं, “गुडघ्याला नवीन गोळी चांगली लागू पडलीय.” मी म्हणाले, “बरं झालं.” कोणती गोळी, हे विचारलं नाही.

सलाईन लावून आणि बहुतेक औषधं थांबवून आठवड्याभरात मूत्रपिंडं सावरली. डायलिसिसची वेळ आली नाही. घरी आल्यावर दादाने आपला निष्कर्ष सांगितला: “एवढ्या गोळ्या एका पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? आता एकच ठेव. नाहीतर एकही नको.”

हा निष्कर्ष मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकला आहे. तो स्वाभाविक आहे, पण चुकीचा आहे. दादाला तेव्हा तुकड्यातुकड्याने दिलेलं उत्तर इथे सलग मांडते आहे.

एकही औषध नव्हतं तेव्हा

रक्तदाबाला औषधच नसणं म्हणजे काय, याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं आहे. मार्च 1944 मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब 186/108 होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला देण्यासारखं डॉक्टरांपाशी काय होतं? विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस आणि झोपेचं औषध. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्या दिवशी नोंदलेला रक्तदाब 300/190 होता.

पुढच्या कथेत मुंबई येते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लेखामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या मुळीकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं. वकिलांना 1957 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन एकट्याने पुरेशा ताकदीने वापरायचं तर मात्रा वाढवावी लागे आणि मात्रा वाढली की काही रुग्णांचं मन खचू लागे. इथेच पहिला धडा मिळाला: एकाच औषधाला सगळं ओझं वाहायला लावलं, की ते औषधच त्रास देऊ लागतं.

रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतात का, याचं ठोस उत्तर 1967 साली मिळालं. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर चाचणी झाली. त्यांचा खालचा रक्तदाब 115 ते 129 होता. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळीवाल्यांत 27 जणांना गंभीर विकार झाले, औषधवाल्यांत दोघांना. आणि हे ‘औषध’ म्हणजे एक औषध नव्हतंच. हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलाझिन आणि आपल्या सर्पगंधेचं रेसर्पिन अशी तीन औषधं एकत्र होती. रक्तदाबाच्या उपचाराचा पहिला निर्णायक पुरावाच मुळी अनेक गोळ्या एकत्र घेण्याचा पुरावा आहे.

मोटार, पाइप आणि पाणी

एकापेक्षा जास्त औषधं का लागतात? दादा शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून मी त्याला विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण दिलं. पाइपातला दाब तीन गोष्टींवर ठरतो: मोटार किती जोरात चालते, पाणी किती आहे आणि पाइप किती रुंद आहे. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं मोटारीचा वेग कमी करतात. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतात. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करून पाइप रुंद करतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन नावाच्या रसायनाला आडवी येतात.

पण शरीर मुकाट्याने ऐकत नाही. पाणी कमी केलं, की मूत्रपिंड ते ओळखतं आणि अँजिओटेन्सिन वाढवून पाइप आवळायला लावतं. एक वाट अडवली, की ते दुसऱ्या वाटेने दाब पूर्वपदावर आणू बघतं. म्हणून पाणी काढणाऱ्या गोळीबरोबर टेल्मिसार्टन दिलं, तर शरीराची ही पळवाटही बंद होते. शिवाय पहिली गोळी पोटॅशियम कमी करते, दुसरी ते राखते. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांवर येणारी सूजही टेल्मिसार्टनच्या सोबतीने कमी राहते. चांगली जोडी एकमेकांचा परिणाम वाढवते आणि एकमेकांचा त्रास कमी करते.

याला आकड्यांचा आधार आहे. माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी 2003 साली 354 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास मांडला. औषधाची मात्रा निम्मी केली, तर परिणाम निम्मा होत नाही; तो जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. दुष्परिणाम मात्र बऱ्याच औषधांत लक्षणीय कमी होतात. 2009 मध्ये वॉल्ड यांच्याच गटाने 42 चाचण्या पाहून दाखवलं, की एकाच औषधाची मात्रा दुप्पट केल्याने जो जादा फायदा मिळतो, त्याच्या सुमारे पाचपट फायदा वेगळ्या गटाचं दुसरं औषध जोडल्याने मिळतो. 2019 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्या आहेत, त्या याच कारणाने.

तेव्हा दादाच्या त्या ‘तीन औषधांच्या गोळी’त काही वावगं नव्हतं. पिशवीतली सर्वांत शहाणी गोळी तीच होती.

न जमणाऱ्या जोड्या

मग धोका कुठे असतो? पहिला धोका एकाच दाराला दोन कुलपं लावण्याचा. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही एकाच साखळीवर काम करतात. दोन्ही एकत्र दिली तर दुप्पट संरक्षण मिळेल, असं एके काळी वाटे. 25,620 रुग्णांच्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीने 2008 साली हा समज मोडला. एकत्र देण्याने फायदा वाढला नाही. रक्तदाब फार उतरणं, भोवळ, मूत्रपिंडाचे त्रास मात्र वाढले.

दुसरा धोका हृदयाच्या ठेक्याचा. बीटा ब्लॉकर नाडी मंद करतो. व्हेरापामिल आणि काहीशा कमी प्रमाणात डिल्टियाझेमही तेच करतात. दोन्ही बाजूंनी लगाम खेचला तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. ॲम्लोडिपिन त्याच मोठ्या गटातलं असलं, तरी ते नाडीला असा लगाम लावत नाही. बीटा ब्लॉकरबरोबर ते सर्रास आणि सुरक्षितपणे दिलं जातं. गटाच्या नावावरून नव्हे, तर औषधाच्या नावावरून विचार करावा लागतो, तो यासाठी.

तिसरा धोका पोटॅशियमचा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तर पोटॅशियम चढू शकतं. काही रुग्णांना ही जोडी द्यावीच लागते आणि ती उपकारकही ठरते; पण रक्ताच्या वेळच्या वेळी तपासण्या केल्याशिवाय नव्हे.

दादाच्या बाबतीत घडलं ते मात्र याहून साधं होतं आणि याहून जास्त घरांत घडतं. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त एका बारीक वाहिनीने आत येतं आणि दुसरीने बाहेर पडतं. रक्त कमी पडलं, तर आतली वाहिनी उघडी ठेवायची आणि बाहेरची थोडी आवळायची, म्हणजे गाळणीतला दाब टिकतो, ही शरीराची युक्ती. आतली वाहिनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं त्यांनाच रोखतात. बाहेरची वाहिनी अँजिओटेन्सिन आवळतं. टेल्मिसार्टन त्याला रोखतं. मूत्रल गोळी मुळात पाणीच कमी करते. त्यात मे महिना आणि जुलाब. गाळणीवर दाब राहावा कसा?

ब्रिटनमधल्या सुमारे 4 लाख 87 हजार रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या या दोन प्रकारच्या औषधांना वेदनाशामकाची जोड मिळाली, तेव्हा मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सर्वाधिक धोका पहिल्या तीस दिवसांत होता. दादाच्या गुडघ्याच्या गोळीला तेव्हा तीनच आठवडे झाले होते.

ही वेदनाशामकं आणखी एक गोष्ट करतात. शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढवतात. मग रक्तदाबाची गोळी ‘लागू पडत नाही’ असं वाटतं आणि आणखी एक गोळी वाढते.

औषधाला औषध

फ्युरोसेमाइडची गोळी पिशवीत कशी आली, याचा शोध घेताना वहिनींना आठवलं, की पायांवर सूज आली ती रक्तदाबाची गोळी बदलल्यानंतर. ॲम्लोडिपिनने येणारी ही सूज हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्याची नसते. वाहिन्या सैल झाल्याने पाणी घोट्यांच्या ऊतींत झिरपतं. लघवीच्या गोळीने ती विशेष हटत नाही. ॲम्लोडिपिन कमी केलं किंवा बदललं की उतरते. पण सुजेकडे नवा आजार म्हणून पाहिलं गेलं आणि तिला नवं औषध आलं. रॅमिप्रिलने येणाऱ्या कोरड्या खोकल्याला महिनोन्‌महिने खोकल्याची बाटली दिली जाते, तीही याच जातीची गोष्ट. म्हणून कोणतंही नवं लक्षण दिसलं, की आधी विचारावं: हे एखाद्या औषधामुळे तर नाही?

प्रोस्टेटचं टॅम्सुलोसिन दादाच्या लेखी ‘लघवीचं’ औषध होतं. मुळात ते ज्या अल्फा ब्लॉकर गटातलं आहे, त्यातली प्राझोसिनसारखी औषधं रक्तदाबासाठी वापरली जातात. रात्री उठून उभं राहताना दाब एकदम घसरणं हा या गटाचा गुण. पहाटेचं न्हाणीघर हे उतारवयातल्या पडण्याचं ठिकाण का असतं, याचं हे एक कारण.

आणि ते दुहेरी टेल्मिसार्टन? डॉक्टरांनी तीन औषधांची गोळी सुरू केली, तेव्हा जुनी गोळी बंद करायची होती. दोन्हींची नावं वेगळी, रंग वेगळा. दादाने दोन्ही चालू ठेवल्या. आपल्याकडे एकच औषध अनेक नावांनी विकलं जातं आणि संयुक्त गोळीत आणखी काय आहे, ते नावामागच्या एक-दोन अक्षरांत दडलेलं असतं. ‘एएम’ म्हणजे बहुधा ॲम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ म्हणजे क्लोरथॅलिडोन. पण अक्षरांवर विसंबू नये. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव चष्मा लावून वाचावं.

चिठ्ठीत नसलेली औषधं

काही गोष्टी औषध म्हणून मोजल्याच जात नाहीत. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. ते वाहिन्या आवळतं. घशासाठी रोज काढ्यातून घेतलेलं जेष्ठमध रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. ‘कमी सोडियमचं’ म्हणून आणलेल्या मिठात सोडियमची जागा बहुधा पोटॅशियमने घेतलेली असते. अनेकांना ते फायद्याचं ठरतं. पण मूत्रपिंड अशक्त असलेल्या किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं घेणाऱ्या माणसाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आणि दादाला हवं होतं तसं, एका सकाळी सगळं बंद करणं हाही धोकाच. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन अचानक सोडलं, तर रक्तदाब आणि नाडी उसळी मारतात. हृदयविकार असलेल्याला ते महागात पडतं. कमी करायचं, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

कपाटाच्या दारावरचा कागद

दादा आज पुन्हा रक्तदाबाची तीन औषधं घेतो. ॲम्लोडिपिनची मात्रा निम्मी केल्यावर सूज उतरली, फ्युरोसेमाइड गेलं, दुसरं टेल्मिसार्टन गेलं. गुडघ्याला शेक, व्यायाम आणि लागलंच तर पॅरासिटामोल. हे सगळे निर्णय त्याच्या डॉक्टरांनी घेतले. मी फक्त पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. मी केलेलं एवढंच काम कोणत्याही घरात कुणीही करू शकतं, औषधशास्त्र न शिकता.

एक कागद घ्यावा. त्यावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कोणी दिलं, हे लिहावं. थेंब, मलम, काढे, चूर्णं सगळं त्यात यावं. वर्षातून एकदा तरी, आणि कुणीही नवीन औषध दिलं की दरवेळी, हा कागद आणि अख्खी पिशवी एकाच डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाब बसून मोजावा, मग उभं राहून. उभं राहिल्यावर तो बराच घसरत असेल, तर सांगावं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा मूत्रल गोळी नव्याने सुरू झाली अथवा मात्रा वाढली, तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेण्याबद्दल विचारावं. जुलाब, उलट्या, ताप, खाणंपिणं बंद, असं झालं तर त्याच दिवशी फोन करून विचारावं: यातल्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवू आणि पुन्हा कधी सुरू करू? एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर घरोघरी वाद होतात. 21,104 जणांच्या ब्रिटनमधल्या चाचणीत 2022 साली दिसलं, की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. जी वेळ रोज पाळता येते, ती चांगली. मूत्रल गोळी मात्र रात्री घेऊन झोपमोड कशाला करावी?

दादाचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. वहिनींचं अक्षर सुबक, त्यामुळे तो डॉक्टरांनाही वाचता येतो. परवा दादाचा फोन आला.

“डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूसाठी थेंब दिलेत. डोळ्यात घालायचे थेंब, ते काही पोटात जात नाहीत. तेही लिहायचे का?”

“नाव वाच,” मी म्हणाले.

त्याने चष्मा शोधला, बाटली उजेडात धरली आणि अडखळत वाचलं, “टिमोलोल.”

टिमोलोल हा बीटा ब्लॉकर आहे. डोळ्यात घातलेला थेंब नाकामागच्या वाटेने रक्तात उतरतो आणि नाडी मंद करू शकतो. “लिही,” मी म्हणाले, “आणि तुझ्या डॉक्टरांना आजच सांग.” या वेळी मी नाव विचारलं होतं.